गबाळा पोलीस आणि क्षमेचे हास्य

विनोदात सत्ताधाऱ्याची फजिती झाली की सत्तेवर टीका झाली, असे समीक्षेत पुष्कळदा गृहीत धरले जाते. हे गृहीत तपासून पाहण्यास स्पेनमधील 'लोस ओम्ब्रेस दे पाको' (पाकोची माणसे) ही दूरचित्रवाणी मालिका उपयोगी पडते. 'आंतेना ३' या वाहिनीवर ऑक्टोबर २००५ मध्ये ती सुरू झाली आणि २०१० पर्यंत चालली. २०२१ मध्ये तिचे पुनरुज्जीवनही झाले. उत्तरकाळात ती साहसकथेकडे आणि रक्तपाताकडे झुकली. येथे विचार आहे तो आरंभीच्या, निखळ प्रहसनाच्या वळणावर जाणाऱ्या भागांचा.

माद्रिदमधील सान आंतोनिओ नावाच्या कल्पित वस्तीतले पोलीस ठाणे. इन्स्पेक्टर पाको मिरांदा आणि त्याचे दोन जिवलग सहकारी, मारिआनो व लुकास. आणि या तिघांवर सदैव गरजणारा ठाणेप्रमुख डॉन लोरेन्सो. हातातली कामगिरी बिघडवायची, ती बिघडल्याचे वरिष्ठांपासून लपवायचे आणि लपवण्याच्या धडपडीत ती अधिकच बिघडवायची, ही या भागांची चाल. पाको भला माणूस आहे, याविषयी प्रेक्षकाच्या मनात क्षणभरही शंका उरू दिलेली नाही. आणि डॉन लोरेन्सो हा नुसता वरिष्ठ नाही, तो पाकोचा सासराही आहे.

हा सासरा वरवर पाहता प्रहसनातील एक जुनीच युक्ती वाटतो. वस्तुतः मालिकेची सारी नीतिव्यवस्था त्याच्यावर उभी आहे. पोलिसाने कोणाला उत्तर द्यायचे, हा प्रश्न एरवी कायद्याचा, न्यायालयाचा, पर्यायाने नागरिकाचा असतो. येथे पाको उत्तर देतो ते सासऱ्याला. शासनाची जागा कानउघाडणीने घेतली आहे, आणि कानउघाडणीला जेवणाच्या टेबलापर्यंत मुदत असते. ठाण्याचे घर झाले की अपराधाची चूक होते. चुकीला क्षमा करणे हा तर घराचा धर्मच.

हास्य विकृत वेष, विकृत वाणी आणि विकृत चेष्टा यांतून उपजते आणि ते प्रामुख्याने नीच प्रकृतीच्या पात्रांत आढळते, असे भरताने म्हटले आहे. या दृष्टीने पाहता गणवेषधारी अधिकाऱ्याला हास्याचे आलंबन करणे म्हणजे त्याला पायरीवरून खाली ओढणे. परंतु खाली ओढणे ही शिक्षा की आश्रय? विदूषकाला कोणी फासावर देत नाही. ज्याच्यावर हसता येते त्याच्याकडून जाब मागणे अवघड होते, आणि गबाळेपणा हे सत्तेचे एक अभेद्य चिलखत ठरू शकते.

स्पेनच्या संदर्भात या प्रश्नाला विशेष धार आहे. फ्रँकोच्या राजवटीतील सशस्त्र पोलीस त्यांच्या करड्या गणवेषामुळे 'लोस ग्रीसेस', म्हणजे 'करडे', या नावाने ओळखले जात. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातील 'कासा दे कोर्रेओस' या इमारतीत सुरक्षा संचालनालय होते आणि तिच्या तळघरातील कोठड्यांत राजकीय बंद्यांचा छळ होई. नोव्हेंबर १९७५ मध्ये फ्रँको वारला. ऑक्टोबर १९७७ च्या क्षमादान कायद्याने विरोधकांबरोबरच सुव्यवस्था राखणाऱ्या अधिकाऱ्यांनाही अभय दिले. 'बिली एल निन्यो' हे टोपणनाव एखाद्या विनोदी पात्राला शोभावे. ते होते आंतोनिओ गोन्सालेस पाचेको या पोलीस निरीक्षकाचे, आणि त्याच्यावर अनेकांनी छळाचे आरोप केले होते. अर्जेंटिनातील न्यायाधीश मारिया सेर्विनी यांनी त्याच्याविरुद्ध २०१३ मध्ये अटकेचा हुकूम काढला. त्याला स्वाधीन करण्यास स्पेनच्या न्यायालयाने २०१४ मध्ये नकार दिला. २०२० मध्ये तो वारला, तेव्हा त्याची पदके त्याच्याकडेच होती.

या इतिहासाचा भार एका करमणुकीच्या मालिकेवर टाकणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप येईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. ज्यांच्या आईवडिलांनी करडा गणवेष पाहताच रस्ता बदलला त्यांनी घरात बसून निळ्या गणवेषाला हसावे, हा लोकशाहीचा एक लाभच होय. शिवाय प्रहसनाचा स्वतःचा असा एक न्याय असतो. पाकोची चूक बहुधा पाकोच्याच अंगावर उलटते. धडपडतो तो, सोलून निघतो तो. मात्र हा न्याय पुरा पडतो तो चूक करणाऱ्याचेच नुकसान होते तोवर. चुकीचे दार फोडले गेले तर त्या दारामागच्या माणसाला पाकोचे अंतःकरण ठाऊक नसते. ते ठाऊक असते केवळ प्रेक्षकाला. म्हणजे क्षमा करतो तो ज्याचे काहीच बिघडलेले नाही असा मनुष्य. दुसऱ्याच्या वतीने केलेल्या अशा क्षमेला नैतिक मूल्य कितपत द्यावे?

याच चौकातील याच इमारतीत स्पॅनिश साहित्याने पूर्वी एकदा वेगळे हास्य घडवले आहे. तेव्हा तेथे गृहमंत्रालय होते. रामोन देल व्हाये-इन्क्लान याच्या 'लुसेस दे बोएमिआ' (१९२०) या नाटकात माक्स एस्त्रेया या आंधळ्या कवीला पकडून तेथे आणतात. पोलीस तेथेही हास्यास्पदच आहेत. अंतर्वक्र आरशात दिसावे तसे सारे विद्रूप करून दाखवणाऱ्या या तऱ्हेला लेखकाने 'एस्पेर्पेंतो' म्हटले. पण १९२४ च्या आवृत्तीत त्याने तीन प्रवेश नव्याने घातले. त्यांपैकी एकात कोठडीच्या अंधारात एक कॅटलन कामगार भेटतो. पळून जाण्याचा प्रयत्न केला असे सांगून आपल्याला गोळी घालतील, हे त्याला माहीत आहे. दुसऱ्या एका प्रवेशात रस्त्यावर गोळ्यांचे आवाज येतात. त्याच प्रवेशात गोळीबारात मेलेले मूल कवटाळून एक आई आक्रोश करते. ज्यांचे हसे झाले त्यांना क्षमा करण्याची सोय नाटककाराने प्रेक्षकाला ठेवलेली नाही, कारण क्षमा करण्याचा अधिकार ज्यांचा, ती माणसे त्याने रंगभूमीवर आणून उभी केली आहेत.

पाकोच्या ठाण्यात अशा माणसाला जागा नाही. तो आत आला असता तर प्रहसन मोडले असते, हे खरे. मालिकेचा सहनिर्माता आलेक्स पीना याने पुढे २०१७ मध्ये 'ला कासा दे पापेल' रचली आणि तीत जगभरच्या प्रेक्षकांची सहानुभूती थेट दरोडेखोरांच्या पारड्यात टाकली. दारामागचा माणूस तेथेही प्रमुख पात्र झाला नाही. ओलीस म्हणून तो भिंतीशी बसून राहिला.