हरवलेले टाळ आणि सापडलेली घोंगडी

वैष्णवजनहो, आचार देशपरत्वे निराळा असतो, हे आम्हाला पाठशाळेत लहानपणीच शिकविले होते. देशाचार, ग्रामाचार, कुलाचार हे शब्द आम्ही घोकून पाठ केले. पण घोकणे निराळे आणि अनुभवणे निराळे. साठी उलटल्यावर, सन २०२३ च्या शरदात, पुतण्याच्या आग्रहास्तव मी जपान देशी तोक्यो शहरात महिनाभर राहिलो, तेव्हा कुठे या शब्दांचा अर्थ उमगला. आणि तोही माझी चूक माझ्या पदरात घालून.

आधी गंमत सांगतो. घरात शिरताना पायताण काढायचे, हा त्यांचा रिवाज पाहून मला मोठा संतोष झाला. दाराच्या आत थोडी खालची जागा असते, तिला ‘गेन्कान’ म्हणतात. तेथे जोडे काढायचे आणि त्यांची तोंडे दाराकडे करून नीट लावून ठेवायचे. मनात म्हटले, हे तर आपलेच लोक! पण एके दिवशी एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो असता, शौचालयापुरत्या ठेवलेल्या सपाता तशाच पायात घालून मी थेट बैठकीत आलो. त्या घरची माउली काही बोलली नाही, तोंडावर हात धरून हसू आवरीत राहिली. पुतण्या कानाशी लागून म्हणाला, “काका, सपाता!” सोवळ्याओवळ्यावर तास तास बोलणारे बुवा त्या घरी ओवळे ठरले!

आगगाडीत तर दुसरीच तऱ्हा. डबा माणसांनी खच्चून भरलेला, पण आवाज म्हणून नाही. गाडीत फोनची घंटा बंद ठेवावी, फोनवर बोलू नये, असा तेथला शिष्टाचार. मला गावाहून फोन आला आणि मी सवयीने “रामकृष्णहरी!” म्हणून मोठ्याने सुरुवात केली. कोणी रागावले नाही, पण शेजारच्यांनी माना खाली घातल्या. त्याच दुपारी खाणावळीत पाहतो, तो चांगले सभ्य गृहस्थ वाडग्यातल्या गरम शेवया फुर्र फुर्र ओढून खाताहेत! माझ्या कपाळाला आठी पडली. पुतण्या म्हणाला, “काका, इथे त्यात काही वावगे मानीत नाहीत.” (त्या कढणात बहुधा सुक्या मासळीचा अर्क असतो, माळकऱ्याने विचारल्यावाचून घोट घेऊ नये, हेही जाता जाता सांगून ठेवतो.) आता पाहा, गाडीत माझा आवाज त्यांना खटकला, खाणावळीत त्यांचा मला खटकला. मग दोष कोणाचा? कोणाचाच नाही. तो देशाचार. पाहुण्याने यजमानाची रीत सांभाळावी, एवढाच त्यात धर्म.

इथवर हसण्याजोगे झाले. पुढचे तसे नाही.

माझे टाळ माझ्या गुरूंनी दिलेले. चाळीस वर्षे त्यांच्यावर हरिनाम घेतले. ती टाळांची पिशवी मी आगगाडीत विसरलो. घरी आल्यावर ध्यानात आले आणि पायातले बळच गेले. एवढे अफाट शहर, भाषा येत नाही, टाळ म्हणजे काय हे तेथे कोणास ठाऊक! रात्री अन्न गोड लागेना. पुतण्या शांतपणे म्हणाला, “काका, मिळतील.” त्याने स्टेशनावर जाऊन गाडीची वेळ, डबा, पिशवीचा रंग, सगळे लिहून दिले. तिसऱ्या दिवशी निरोप आला. टाळांची दोरी नीट गुंडाळलेली, पिशवीला चिठ्ठी बांधलेली. तेथल्या कारकुनाने ती दोन्ही हातांनी माझ्या हाती दिली आणि वाकून नमस्कार केला. मी नोट पुढे केली, ती त्याने घेतली नाही. मी वाकलो, तर तो आणखी वाकला!

तुम्ही म्हणाल, बुवा परदेशाला भुलले. नाही हो. तेथेही दाराला कुलपे आहेत, तुरुंग आहेत. पण सापडलेली वस्तू आपली नव्हे, हे तेथे मुलांना लहानपणापासून अंगवळणी पाडतात. गल्लोगल्ली ‘कोबान’ नावाच्या छोट्या पोलीसचौक्या असतात. सापडलेले तेथे नेऊन द्यायचे. कायदाही तसाच आहे. मालक आला तर त्याने शोधणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस द्यावे. ३ महिन्यांत कोणी आले नाही, तर वस्तू शोधणाऱ्याला मिळू शकते. म्हणजे संस्काराला व्यवस्थेची जोड आहे.

टाळ छातीशी धरले आणि मला घोंगडी आठवली.

सन २०१४ च्या आषाढी वारीत, नातेपुत्याच्या मुक्कामी, राहुटीबाहेर मला एक घोंगडी सापडली. काठाला लाल दोऱ्याचा टाका घातलेला. कोणा माउलीने खुणेसाठी घातला असावा. पाऊस होता, थंडी वाजत होती. मी चार माणसांना विचारले, “कोणाची हो?” कोणी बोलले नाही. मी ती पांघरली. पुढे ती माझीच झाली. कीर्तनात परद्रव्य विषासमान म्हणून सांगायचे आणि घरी येऊन त्या घोंगडीवर निजायचे, असे नऊ वर्षे चालले. तो कारकून गळ्यात माळ घालीत नाही, पंढरीचे नावही त्याने ऐकले नसेल. पण माळ घालताना घेतलेले व्रत मी मोडले आणि त्याने पाळले.

आणि सज्जनहो, हे आपल्याकडे नव्हते का? सायंकाळी माउलींच्या तळावर समाजआरतीला चोपदार चोप उंचावतात, तेव्हा लाखांचा समाज त्या आगगाडीसारखा निःशब्द होतो. त्या शांततेत हरवले-सापडले पुकारतात. आपली कोबान चौकी तीच! मला चारशे पावले चालून चोपदारांकडे जायचे होते. पाऊस होता म्हणून गेलो नाही. ३ महिने दूरच, मी ३ घटकाही थांबलो नाही.

सन २०२४ च्या वारीत त्याच मुक्कामी मी ती घोंगडी घेऊन गेलो आणि पुकार करविला. कोणी आले नाही. दहा वर्षांनी कोण येणार? ती माउली कोठे असेल, असेल की नसेल, पांडुरंग जाणे. घोंगडी दिंडीच्या कोठीत दिली. ज्याला थंडी वाजेल त्याने पांघरावी. ऋण फिटले असे म्हणत नाही. बोलून दाखविले, एवढेच.

तेव्हा परदेशी जाल तर अवश्य पाहा. ते कसे जेवतात, कसे बोलतात, याला हसायचे असेल तर थोडे हसा. पण परक्याचा आचार हा आरसा आहे. त्यात त्याचे तोंड पाहू नये, आपले पाहावे. आणि यंदा वारीत काही सापडले, तर पावसाची सबब न सांगता चोपदारांकडे न्यावे, एवढीच माझी पायांपाशी विनंती.

रामकृष्णहरी.