देवाचे पुनर्वसन

नंदुरबार जिल्ह्याचे पाणी दोन नद्यांत वाटले जाते. सातपुड्याच्या कण्याच्या दक्षिणेकडचे ओढे तापीला मिळतात, उत्तरेकडचे, उदई नदीसह, नर्मदेला. पुराणांनी दोघींनाही देवत्व दिले आहे: तापी सूर्यकन्या, नर्मदा शिवकन्या. तापीकाठचे प्रकाशा दक्षिणकाशी म्हणून ओळखले जाते, तर नर्मदेचे परिक्रमावासी शूलपाणीच्या झाडीतून चालत जातात. पण नदी पवित्र असणे वेगळे आणि जागा पवित्र असणे वेगळे. खोऱ्याच्या नियोजनात खरा पेच पडतो तो जागेपाशी.

नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ साली २८ दशलक्ष एकर-फूट पाण्याची वाटणी केली. महाराष्ट्राच्या वाट्याला पाव दशलक्ष एकर-फूट पाणी आणि सरदार सरोवर धरणाची २७ टक्के वीज आली. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडिताच्या यादीत गेली. ठरावीक प्रमाणात जमीन गमावणाऱ्या खातेदाराला जमिनीच्या बदल्यात किमान २ हेक्टर जमीन, हे लवादाचे तत्त्व त्या काळी पुरोगामीच होते. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे: जमीन म्हणजे क्षेत्रफळ, आणि तेवढे क्षेत्रफळ दुसरीकडे मोजून दिले की हिशेब मिटला.

भिल आणि पावरा यांच्या धर्मात हा हिशेब बसत नाही. वाघदेव गावाच्या शिवेवर असतो. बहुधा शेंदूर फासलेला एक दगड किंवा लाकूड, वर छप्पर नाही की भोवती ओटा नाही. तो शिवेचा देव. शीवच पाण्याखाली गेली, तर तो कशाचा देव उरतो? दगड उचलून तळोद्याच्या पुनर्वसन वसाहतीत नेता येईल; शीव नेता येत नाही.

बुडितातल्या मणिबेली गावाच्या परिसरातले शूलपाणेश्वराचे देऊळही बुडाले. ते गुजरातेत गोरा इथे नव्याने उभे राहिले. हे शक्य झाले, कारण मूर्तिपूजेच्या शास्त्रात देवाचे आवाहन करता येते, विसर्जन करता येते आणि प्राणप्रतिष्ठाही पुन्हा करता येते. दरवर्षी गणपती आणणाऱ्या-बोळवणाऱ्या समाजाला त्यात वावगे वाटायचे कारण नाही. जागेलाच देव मानणाऱ्यांकडे असा विधी नाही. ही त्यांच्या धर्माची उणीव नव्हे. त्यांची देवाची कल्पनाच निराळी आहे.

या श्रद्धेला 'पर्यावरणरक्षण' म्हणण्याचा मोह अभ्यासकांना होतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला निलीचारीची पूजा होते; नवे हिरवे आधी देवाला, मग माणसाला. उगवत्या पाल्याला त्यामुळे उसंत मिळते हे खरे. पण तो परिणाम झाला, हेतू नव्हे. नुसते रक्षणच करायचे असते तर वनखात्याचा चौकीदार पुरला असता. शिवाय देव असूनही सातपुड्याचे कितीतरी उतार उघडे पडलेच. पूजेचा मूळ अर्थ जमीन आपली नाही, मागून घ्यायची आहे, एवढाच.

मागून घेण्यात नकार ऐकण्याची तयारी गृहीत असते. इथे आक्षेप येतो तो रास्त आहे: कच्छ-सौराष्ट्राच्या तहानेपुढे एका शिवेच्या दगडाला नकाराधिकार द्यायचा का? सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताने धरणाला वाट मोकळी करून दिली. तहान खरी होती. पण दगडाची बाजू तोलली गेली असे म्हणता येत नाही. भारतीय कायदा देवळातल्या मूर्तीला व्यक्ती मानतो, ती मालमत्ता धारण करू शकते. वाघदेवाच्या नावे सातबारा नाही.

न्यूझीलंडने २०१७ साली व्हांगानुई नदीलाच कायद्याने व्यक्तित्व दिले. त्याआधी, १८ एप्रिल २०१३ रोजी, ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातल्या प्रस्तावित खाणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोंगरावरच्या देवाविषयीच्या हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही जणींनी खाणीला नकार दिला. मणिबेलीच्या शिवारात तोवर पाणी शिरून वीस वर्षे होत आली होती.