भिंतीपलीकडची हरणं

आजचं वाचन: १ करिंथ ३:५-९



करिंथच्या मंडळीत गट पडले होते. कुणी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा. पौल त्यांना शेतकऱ्याच्या भाषेत समजावतो: लावणी माझी, पाणी त्याचं, पण रोप वाढवणं आम्हा दोघांच्याही हातात नाही. ते देवाचं काम.

हे वाचताना मला फादर आर्मां डेव्हिड आठवतात. जन्म १८२६, फ्रान्सच्या बास्क भागातला. संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या धर्मसंघाचे ते धर्मगुरू. १८६२ मध्ये ते बीजिंगला पोहोचले. मिशनचं काम होतंच, पण झाडं, पक्षी, प्राणी पाहून त्यांची नोंद करायचं वेडही होतं. पॅरिसच्या संग्रहालयाला ते नमुने पाठवत. पांडाची ओळख युरोपला १८६९ मध्ये झाली ती त्यांच्यामुळेच. 'शोध लावला' मात्र म्हणायला नको, कारण तिथल्या डोंगरातल्या लोकांना तो प्राणी आधीपासून माहीत होता.

आजची गोष्ट एका हरणाची आहे. बीजिंगच्या दक्षिणेला नानहायझी नावाचं बादशाही शिकारवन होतं. भोवती उंच भिंत, आत जायला मनाई. १८६५ मध्ये फादरांनी भिंतीवरून आत डोकावलं आणि त्यांना एक विचित्र कळप दिसला. गाढवासारखी शेपटी, गाईसारखे खूर, उंटासारखी मान, हरणासारखी शिंगं. चिनी लोक त्याला अशा अर्थाच्या नावाने ओळखत की हा चौघांपैकी कुणासारखाच नाही. रानातून हा प्राणी केव्हाच संपला होता. उरला होता तो त्या भिंतीच्या आत.

फादरांनी पहारेकऱ्यांना पैसे देऊन कातडी मिळवली आणि पॅरिसला पाठवली. पुढे काही जिवंत हरणंही युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत गेली.

आता पुढचं नीट ऐका. १८९५ मध्ये पूर आला, भिंत फुटली, हरणं बाहेर पळाली आणि भुकेल्या लोकांनी ती मारून खाल्ली. उरलेला कळप १९०० च्या बॉक्सर उठावात आणि परदेशी सैन्याच्या धुमाकुळात संपला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फादर डेव्हिड पॅरिसमध्ये वारले.

म्हणजे त्यांच्या आयुष्याचा हिशोब त्या दिवशी मांडला असता, तर या हरणासमोर काय लिहिलं असतं? नापास.

पण इंग्लंडमधल्या एका ड्यूकने युरोपभर विखुरलेली हरणं आपल्या वोबर्नच्या आवारात गोळा केली. फक्त १८. त्यांची पिल्लं झाली, पिल्लांची पिल्लं झाली. १९८५ मध्ये त्यांतली वीसेक हरणं चीनला परत गेली, त्याच नानहायझीत. आज चीनमध्ये ती हजारोंच्या संख्येत आहेत.

फादरांना संत करून टाकायचा माझा विचार नाही. त्यांनी लाच दिली. परदेशी मिशनऱ्यांना चीनमध्ये मोकळेपणाने फिरता आलं, तेही १८६० साली युद्ध हरलेल्या चीनवर लादलेल्या करारामुळे. हे झाकायचं कशाला? पौलही स्वतःला मोठं म्हणत नाही, नुसता सेवक म्हणतो. लावणाऱ्याचे हात मळलेले होते, तरी देवाने वाढ थांबवली नाही. म्हणून मळ चांगला ठरत नाही, देव चांगला ठरतो.

हे मी स्वतःलाच सांगतोय. मी रविवारी संडे स्कूल घेतो. वर्षभरापूर्वी चौदा मुलं होती, आता चार येतात. ऑफिसात आम्हाला दर दोन आठवड्यांनी काम दाखवायची सवय, म्हणून मी देवाकडेही तसाच रिपोर्ट मागत बसतो. गेल्या महिन्यात सोडून द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं.

तुमचंही असंच काही असेल. घरच्या कुणासाठी वर्षानुवर्षं केलेली प्रार्थना, उत्तर न आलेले मेसेज, चर्चमध्ये कुणाच्या लक्षातही न येणारी सेवा. आकडा शून्य दिसतो आणि आपण म्हणतो, संपलं. पण १९०० मध्ये चीनमध्ये उभं राहून पाहिलं असतं, तर हरणंही संपलेलीच दिसली असती. अठरा हरणं दुसरीकडे चरत होती, एवढंच.

येत्या रविवारी मी जाणार आहे. चार मुलांसाठी.

प्रार्थना: प्रभू, लावणी आणि पाणी घालणं आमच्याकडून नीट करून घे. हात मळले तर धुऊन दे. आणि जी वाढ आम्हाला पाहायला मिळणार नाही, तिच्यासाठीही तुझे आभार मानायला शिकव. आमेन.