दारू उतरल्यानंतरचा प्रश्न

‘माणूस तसा देवमाणूस, पण पोटात गेली की तो त्याचा राहत नाही.’ कामगारवस्तीत मारहाणीची गोष्ट निघाली की हे ऐकायला मिळतेच. सासू म्हणते, शेजारी म्हणतात, चौकीत समजूत घालणारे म्हणतात आणि डोळा सुजलेली बाईही बहुधा तेच म्हणते. त्यामुळे मारणारा बाजूला राहतो आणि बाटली आरोपी ठरते. दारू सुटली की घर सावरेल, या आशेवर बाईची वर्षे जातात. दारू सोडवायलाच हवी, याबद्दल वाद नाही. पण ती सुटेपर्यंत बाई सुरक्षित राहणार कशी, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो आधी सोडवला पाहिजे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले (2019-21) देशाचे आकडे पाहा. नवरा वारंवार झिंगतो अशा बायकांपैकी 70 टक्के जणींनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली होती. नवरा दारूला शिवतही नाही अशांमध्ये हे प्रमाण 23 टक्के होते. यातल्या पहिल्या आकड्यावरून दारूबंदीची मागणी करणाऱ्या बायकांचा अनुभव खरा ठरतो. दारूने मार वाढतो. पण दारूचा थेंब नसलेल्या घरांतही जवळपास चौघींतली एक मार खाते, हे दुसरा आकडा सांगतो. शिवाय मुकादमाने अपमान केला, उचल नाकारली, तरी प्यायलेला माणूस मुकादमावर हात टाकत नाही. घरी येऊन, कडी लावून तो बायकोला मारतो. कुणाला मारले तर खपते, याचे भान झिंगेतही सुटत नाही. हे भान त्याला दारूने दिलेले नसते.

द्रोणागिरीसारख्या ठिकाणी यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. उरण तालुक्यातला हा सिडकोचा नोड संपादित जमिनीवर उभा आहे. 1984च्या 16 आणि 17 जानेवारीला दास्तान फाटा आणि नवघर इथे जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबारांत पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क त्या लढ्यातून आला. 1989 साली शेजारी जेएनपीटी बंदर सुरू झाले आणि कंटेनर यार्ड, गोदामे, ट्रेलर यांच्याभोवती ठेक्यावरची मजुरी वाढली. जमीन गेली, कायम नोकरी मिळाली नाही, पाळीचा भरवसा नाही. मग माणूस पिणार नाही तर काय, असे विचारले जाते. पिण्याचे हे स्पष्टीकरण मला बऱ्याच अंशी पटते, मारण्याचे पटत नाही. जमीन त्या घरातल्या बाईचीही गेली. तीही ठेक्यावर झाडू मारते, पॅकिंगला जाते, आणि परत येऊन चूल पेटवते. त्याच वैतागाने ती कुणाचे डोके फोडत नाही.

मग दारूचे दुकान बंद करण्यासाठीचे आडव्या बाटलीचे मतदान? ते हत्यार मोलाचे आहे, पण त्यासाठी यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते बंदीच्या बाजूने पडावी लागतात. न आलेली बाई दुकानाच्या पारड्यात जाते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि नाव गावाकडच्या यादीत असलेल्या बाईला तर ते मतही नाही. जून 2025मध्ये राज्याने मद्यावरचे शुल्क वाढवले, त्यातून 14 हजार कोटींच्या वाढीव महसुलाची अपेक्षा ठेवली. देशी दारूच्या 180 मिलीची किमान किंमत 70 रुपयांवरून 80 झाली. महाग झाल्याने काही जण कमी पितील. ज्याला व्यसनच जडले आहे, तो मात्र वरचे दहा रुपये किराण्यातून काढील.

सगळ्यात अवघड आक्षेप बायकांचाच असतो: तो आत गेला तर खोलीचे भाडे कोण भरणार? अकरा महिन्यांचा करार त्याच्या नावावर, पगारही त्याच्याच हातात. म्हणूनच 2005चा घरगुती हिंसाचार कायदा वस्तीत नीट कळायला हवा. त्याचा भर तुरुंगावर नाही. भाड्याची खोलीही त्यात ‘सामायिक घर’ ठरते. न्यायालय नवऱ्याला बाहेर राहायला सांगू शकते, दुसऱ्या खोलीचे भाडे भरायला लावू शकते. कलम 20 तर थेट कामावरच्या मालकालाच सांगण्याची मुभा देते, की पगारातली पोटगीची रक्कम बाईकडे जमा कर. मात्र रोख वाटल्या जाणाऱ्या मजुरीपुढे ही तरतूद लंगडी पडते. पगार बँकेत जमा होणे हा म्हणूनच यार्डातल्या कामगाराच्या बायकोच्या संरक्षणाचाही प्रश्न आहे आणि कामगार संघटनांनी तो आपला मानला पाहिजे. उपचार याच्या जोडीने हवेत. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986पासून व्यसन हा आजार मानून काम करते, ते योग्यच आहे. पण आजाऱ्याला बरे करताना त्याचा मार खाण्याची जबाबदारी बायकोवर येत नाही.

त्याच सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्यांपैकी 77 टक्के बायकांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितले. द्रोणागिरीच्या खोल्यांत भिंत एकच असते. शेजारी न सांगताही सगळे ऐकू जाते. त्या शेजाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे: 181 हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे, संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कसलाही खटला होऊ शकत नाही. कायद्याच्या चौथ्या कलमात तसे स्पष्ट लिहिले आहे.