उघड्या खिडकीपुढून जाताना

डोळ्यांचे पाप म्हटले की आपल्यासमोर एकच पाप उभे राहते. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनीच त्याविषयी ऐकले आहे आणि वेदीजवळ उभे राहून आम्हीही त्यावर पुष्कळ बोललो आहोत. परंतु दुसऱ्याच्या घराकडे, त्याच्या उंबऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या आईकडे 'किती सुंदर!' असे म्हणत पाहण्यातही काही दोष असू शकेल, हा विचार वयाची पन्नाशी उलटेपर्यंत आमच्या मनाला शिवला नव्हता. तो शिवला पणजीच्या एका गल्लीत, आम्ही एकटेच पायी हिंडत असताना.

तपसाधनेची प्रवचने देण्यासाठी आम्ही तेथे गेलो होतो. काम आटोपले आणि परतीच्या गाडीला दीड दिवस उरला. सोबतीला कोणी नव्हते. दुपारचे जेवण झाल्यावर अल्तिनोची टेकडी उतरून आम्ही फोन्तेन्हास या जुन्या वस्तीत शिरलो. पोर्तुगीज भाषेत या नावाचा अर्थ लहान झरे असा होतो, आणि टेकडीच्या पायथ्याशी झरा आहेही. एका बाजूला ही टेकडी, दुसऱ्या बाजूला ओरेमची खाडी. त्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही वस्ती वसली आहे. जुन्या गोव्यात रोगराईने माणसे मरू लागली, तेव्हा 1759 साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीतील आदिलशहाच्या वाड्यात हलविला. 1843 साली पणजी रीतसर राजधानी झाली. दरम्यान या नारळीच्या बागांच्या जागी अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची घरे उठली. पिवळ्या, निळ्या, तांबड्या रंगांच्या भिंती, मंगळुरी कौले, लोखंडी कठड्यांचे सज्जे, दारावर घरमालकाचे नाव लिहिलेली निळी-पांढरी चिनी मातीची फरशी. दर पावसाळ्यानंतर घराला नवा रंग देण्याची येथे जुनी वहिवाट आहे.

अशा गल्ल्यांतून एकट्याने चालण्याचा आनंद काही वेगळाच असतो. घाई करणारे कोणी नसते, थांबलात तर 'चला' म्हणणारे कोणी नसते. पण आता मागे वळून पाहता लक्षात येते की, याच एकटेपणात एक धोकाही असतो. सोबत कोणी असले की त्याच्या नजरेचा आपल्या नजरेला लगाम राहतो. परक्या गावात एकट्याने हिंडणारा मनुष्य कोणाचाच नसतो. त्याला ओळखणारे कोणी नाही, त्याला उद्या तोंड दाखवायचे नाही. जेथे आपल्याला कोणी पाहत नाही असे वाटते, तेथेच विवेकबुद्धीची खरी परीक्षा होते.

त्या परीक्षेत आम्ही नापास झालो. शिंपल्यांच्या तावदानांची एक खिडकी अर्धवट उघडी होती. अशी खिडकी आम्ही पुस्तकात पाहिली होती, प्रत्यक्षात प्रथमच पाहत होतो. आम्ही पायरीवर चढलो, मोबाइलचा कॅमेरा पुढे केला आणि चौकट नीट बसावी म्हणून आणखी जवळ गेलो. तेव्हा कोठे दिसले की, आत आरामखुर्चीत एक वृद्धा बसली आहे, मांडीवर रोझरीची माळ आहे आणि ती आमच्याकडे पाहत आहे. ती काही बोलली नाही. उठली, सावकाश खिडकीपाशी आली आणि तिने पडदा ओढून घेतला.

आम्ही पायरी उतरलो. पुढच्या वळणावर एका भिंतीवर 'छायाचित्रे काढू नयेत' अशा अर्थाची पाटी दिसली. पहिल्या फेरीतही ती तेथेच असली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतील संत सेबॅस्टियनच्या चॅपेलमध्ये आम्ही मिस्साला गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. तेथील क्रूसमूर्ती प्रसिद्ध आहे. ती पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होती. 1560 साली स्थापन झालेले हे धर्मन्यायालय मध्यंतरीची काही वर्षे सोडता 1812 पर्यंत चालले. ते उठल्यावर मूर्ती पणजीच्या राजवाड्यात आली आणि 1918 साली या चॅपेलमध्ये. क्रुसावरील प्रभूची मान आपण सहसा खाली झुकलेली पाहतो, डोळे मिटलेले पाहतो. येथे प्रभूचे डोळे सताड उघडे आहेत. ज्यांची चौकशी व्हायची त्यांना धाक वाटावा म्हणून ते तसे ठेवले, असे सांगतात.

त्या डोळ्यांसमोर बसले असता आमच्या मनात आले: या वस्तीचे सौंदर्य आम्ही काल पोटभर पाहिले, पण ही वस्ती ज्या राज्यसत्तेच्या छायेत उभी राहिली, तिचे हे दुसरे अंग आम्ही पाहिले होते काय? 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याच्या रक्षणासाठी म्हणून ख्रिस्तसभेच्या लेकरांनी जी जबरदस्ती केली, तिच्याबद्दल देवाची क्षमा मागितली. रंगीत भिंतींचे कौतुक करून निघून जाणाऱ्याला अशी क्षमा मागावी लागत नाही, कारण त्याने काही पाहिलेलेच नसते. आणि ज्यांनी हे डोळे दुसऱ्यांना भिवविण्यासाठी वापरले, ते स्वतः त्या डोळ्यांच्या नजरेखाली बसले होते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. आदल्या दुपारी आमचेही तेच झाले होते. आपण पाहतो तेव्हा आपणही पाहिले जात असतो.

मिस्सा संपली. पुढच्या बाकावरून ती वृद्धा उठली. आम्ही दाराशी थांबून म्हणालो, "देव बरो दीस दिवं." आणि कालच्या आगळिकीबद्दल क्षमा मागितली. आम्ही वसईकडचे धर्मगुरू आहोत हे कळल्यावर ती हसली. म्हणाली, "फादर, पाहा की! लोकांनी पाहावे म्हणूनच तर घराला रंग देतो." मग थोडे थांबून तिने सांगितले की, तिच्या यजमानांची शवपेटी घराबाहेर काढली, त्या सकाळी समोरच्या पायरीवर एक नवपरिणीत जोडपे छायाचित्रे काढवून घेत उभे होते. ती मुले वाईट नव्हती. पेटी दिसताच ती बाजूला झाली, मुलीने डोक्यावर पदरही घेतला. "पण पेटी पुढे गेली आणि मागे हसणे ऐकू आले," असे ती म्हणाली. एवढेच.

कांट हा जर्मन तत्त्वज्ञ आपल्या क्योनिग्जबर्ग गावाच्या परिसराबाहेर फारसा कधी गेलाच नाही. रोज ठरल्या वेळी तो त्याच रस्त्यांवरून फिरायला जाई. पण मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरू नये, हा त्याचा दंडक प्रवाशांनाच सर्वांत अधिक लागू पडावा. दुसऱ्याचे घर, त्याचे दुःख, त्याची दुपारची वामकुक्षी आपल्या सहलीची शोभा म्हणून वापरली की आपण तो दंडक मोडलाच. फ्रेंच कॅथोलिक विचारवंत गाब्रिएल मार्सेल यांनी मनुष्याला वाटसरू मानले आणि 'असणे' व 'बाळगणे' यांतील भेद दाखविला. ती खिडकी आम्हांला बाळगायची होती. त्या गल्लीत क्षणभर नुसते असणे आम्हांला पुरले नाही.

यावर कोणी म्हणेल, मग प्रवाशांनी जाऊच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. पाहुण्यांच्या येण्याने त्या वस्तीतील काही घरे टिकली आहेत. कोणी खोल्या भाड्याने देतो, कोणी खाणावळ चालवितो, आणि जुन्या घराच्या डागडुजीचा खर्च त्यातून निघतो. शिवाय देवाने स्वतःची निर्मिती पाहिली आणि ती त्याला चांगली वाटली, अशीच आपल्या पवित्र ग्रंथाची सुरुवात आहे. कौतुकाने पाहणे हा देवाचाच गुण आहे. प्रश्न एवढाच की, आपल्या पाहण्यात त्या घरातल्या माणसाला जागा आहे की नाही.

वसईकरांना हे सांगण्यासाठी पणजीस जाण्याची गरज नव्हती, हेही खरे. आपल्या किल्ल्यातील पडक्या चर्चांत आज लग्नाआधीची छायाचित्रे काढण्यासाठी जोडपी येतात, आणि ज्या फरशांवर ती उभी राहतात त्यांखाली आपल्याच श्रद्धेची माणसे पुरलेली आहेत. आपल्याला ते खुपते. मग आपली कुटुंबे सुटीत बस करून दुसऱ्यांच्या गावी, दुसऱ्यांच्या देवळांत आणि वाड्यांत जातात, तेव्हा तेथल्यांना काय खुपत असेल याचा विचार आपणच करावयास हवा.

अम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभू दोघा शिष्यांबरोबर चालत गेला. त्यांचे गाव आले तेव्हा तो पुढे जाण्याच्या बेतात होता. त्यांनी आग्रह केला तेव्हाच तो आत गेला. सर्व सृष्टीचा धनी बोलावल्याशिवाय त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेला नाही, आणि आम्ही एका खिडकीसाठी पायरी चढलो.

त्या सकाळी वृद्धेने आम्हांला कॉफीसाठी घरी बोलाविले. खिडकी आम्ही आतून पाहिली. सकाळचे ऊन शिंपल्यांतून गाळून येत होते आणि तिच्या यजमानांच्या रिकाम्या खुर्चीवर पडत होते. मोबाइल खिशातच राहिला. त्या खिडकीचे चित्र आमच्यापाशी नाही. पण रोजच्या मिस्सेत मृतांसाठी प्रार्थना करतो, तेव्हा त्या घरातील एक नाव आता आमच्या ओठांवर असते.