जागल आणि मजुरी

सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री तोडीला येतात. मोहगावच्या शिवारात त्या दिवसांत रात्रीची जागल असते. एक बाज किंवा मचाण, कांबळं, काठी, टॉर्च आणि पायाशी कुत्रं. भीती दोघांची, रानडुकरांची आणि चोरांची. नेमक्या याच आठवड्यांत ख्रिस्ती वर्षाचा आगमनकाळ येतो, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. बहुतेकांना तो नाताळची पूर्वतयारी वाटतो. घराला रंग, करंज्या, गाण्यांच्या तालमी. पण त्या रविवारी चर्चमध्ये जे वाचलं जातं त्यात गोठ्यातलं बाळ पुष्कळदा नसतंच. असतो तो परत येणारा प्रभू, आणि त्याच्या येण्याला दिलेली उपमा चोराची. चोर वेळ कळवून येत नाही, हे जागलीवरच्या माणसाला कोणी शिकवायला लागत नाही.

मोहगाव हे ख्रिस्ती गाव म्हणून ओळखलं जात नाही. त्याची ओळख अर्धनारीश्वर महादेवाच्या मंदिराची. सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळे निघाले आणि त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्हा तुटला तरी चर्चची वाट अजून छिंदवाड्याकडेच जाते. स्वीडनहून आलेल्या लुथरन मिशनऱ्यांनी १८७७पासून या मुलखात काम केलं, त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळीचं मुख्यालय छिंदवाड्यात आहे. दक्षिणेला नागपूर, तिथे स्कॉटिश मिशन त्याहूनही जुनं. तेव्हा ‘प्रभू येणार आहे, तयार राहा’ हे वाक्य इकडच्या मराठी कानांवर पडू लागल्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. इतकी वर्षं ऐकलेल्या वाक्याचं पुढे काय होतं? एक तर त्याची सवय होते, नाहीतर कोणीतरी त्यात तारीख भरतो.

तारीख भरणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध विल्यम मिलर, अमेरिकेतला एक शेतकरी. बायबलातल्या दानिएलाच्या पुस्तकातल्या दिवसांची वर्षं करून त्याने हिशेब मांडला. पुढे त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला. हजारो माणसं त्या रात्री वाट पाहत बसली. सकाळ नेहमीसारखी झाली. त्यातला एक किस्सा शेतकऱ्याला आवडेल असा आहे. लिओनार्ड हेस्टिंग्ज नावाच्या माणसाने, आता कशाला, म्हणून शेतातले बटाटे काढलेच नाहीत. त्या वर्षी बटाट्यावर रोग होता. वेळेवर काढलेले बटाटे शेजाऱ्यांच्या घरात सडले आणि याचे उशिरा काढलेले चांगले निघून त्याला भाव मिळाला, असं मिलरच्या चळवळीतून निघालेले अ‍ॅडव्हेंटिस्ट लोक सांगतात. किस्सा खरा धरला तरी त्यातून शेतीचा धडा घेऊ नये. जे पीक रोगातून वाचलं ते योगायोगाने, श्रद्धेच्या शहाणपणाने नव्हे.

त्याच १८४४च्या अखेरीस स्टीफन हिस्लॉप नावाचा सत्तावीस वर्षांचा स्कॉटिश तरुण मुंबईत उतरला आणि पुढच्या फेब्रुवारीत नागपूरला पोहोचला. त्यानेही तेच शुभवर्तमान वाचलं होतं. त्याने शाळा काढली, दगड गोळा केले, गोंडांची गाणी आणि शब्द टिपून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना पुराच्या नाल्यात तो बुडाला. घोडा पोहोचला, स्वार पोहोचला नाही. टेबलावरची टिपणं अर्धवटच होती. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेम्पलने ती १८६६ साली छापली म्हणून आज मध्य प्रांतातल्या आदिवासींबद्दल लिहिणाऱ्याला हिस्लॉपचं नाव घ्यावं लागतं. त्याच्या मिशनवर, त्याच्या धर्मांतराच्या हेतूंवर वाद घालता येतो, घालावाही. पण त्या नाल्यापाशी तो तयार होता की नव्हता, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. काम संपलेलं असणं म्हणजे तयारी, असं मानलं तर तो नापास. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकही नापास. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ थोडे अध्याय लिहून राहिलं, पुढचं बरंच पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिलं आणि ग्रंथ छापून आला तेव्हा त्याही हयात नव्हत्या.

मग तयारी म्हणजे काय? सतत जागं राहणं? भीतीवर चालणाऱ्या प्रवचनांचा सगळा भर इथे असतो. युद्ध, भूकंप, महामारी, प्रत्येक बातमीला ‘चिन्ह’ म्हणायचं आणि ऐकणाऱ्याची झोप उडवायची. मोबाइलवर अशा चित्रफिती रोज येतात, आणि घरातली म्हातारी माणसं त्या पाहून खरोखर घाबरतात. मला हा प्रकार श्रद्धेचा वाटत नाही, धंद्याचा वाटतो.

जागलीला गेलेला माणूस रात्रभर जागत नाही. त्याला ते परवडतच नाही, सकाळी तोडीवर उभं राहायचं असतं. तो झोपतो. पण संध्याकाळीच टॉर्चचे सेल पाहून ठेवतो, काठी हाताला लागेल अशी ठेवतो, आणि कुत्र्याच्या भुंकण्यातला फरक त्याला झोपेतही कळतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली दहा कुमारिकांची गोष्ट याच जातीची आहे. आपण ती अशी ऐकतो की शहाण्या जाग्या राहिल्या आणि वेड्या झोपल्या. मूळ गोष्टीत नवरदेवाला उशीर होतो आणि दहाच्या दहा जणी झोपी जातात. शहाण्या पाच जणीसुद्धा. फरक एवढाच की त्यांनी तेल आधी भरून घेतलेलं होतं. गोष्टीच्या शेवटी जागं राहायला सांगितलं आहे हे खरं, पण त्याचा अर्थ ‘डोळा लावू नका’ असा घेतला तर वरातीत आत गेलेल्या पाच जणींनाही बाहेर काढावं लागेल.

या गोष्टीच्या अगदी आधी, चोविसाव्या अध्यायाच्या शेवटी, एक छोटी गोष्ट आहे. तिच्याकडे लक्ष कमी जातं. मालक बाहेरगावी जातो. घरातल्या इतर चाकरांना वेळेवर अन्न द्यायचं काम एका चाकरावर सोपवतो. हा चाकर मनात म्हणतो, धनी काही इतक्यात येत नाही. आणि मग तो काय करतो? झोपत नाही. आळसही करत नाही. तो आपल्या हाताखालच्या माणसांना मारू लागतो आणि दारुड्यांबरोबर खाऊ-पिऊ लागतो. बेसावधपणाचं येशूने काढलेलं चित्र हे असं आहे. आणि चांगला चाकर कोणता, तर मालक आला तेव्हा जो लोकांना वेळेवर जेवायला घालताना सापडला तो. आकाशाकडे डोळे लावून बसलेला नव्हे.

या एका गोष्टीवरून मी पुष्कळ गोष्टी मोजतो. प्रभू येणार नाही असं वाटू लागलं की माणूस आधी प्रार्थना सोडतो असं नाही. प्रार्थना तो चालू ठेवतो, चर्चच्या समितीवरही राहतो. सुटते ती हाताखालच्या माणसांची भीड. मिशनने सोडलेल्या जमिनींवरून, बंगल्यांवरून मंडळीमंडळींत जे वर्षानुवर्षं खटले चालले आहेत, त्यात दोन्ही बाजूंची माणसं आगमनकाळातले धडे न चुकता वाचत असतात.

वेळेवर अन्न देणाऱ्या चाकराचं मराठीतलं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही, कारण ते उदाहरण आपल्या प्रांतात चालत आलं होतं. १८९६-९७चा दुष्काळ मध्य प्रांताला फार जाचला. पुण्याच्या शारदा सदनात काम करणाऱ्या पंडिता रमाबाई तेव्हा इकडे आल्या आणि उपासमारीने रस्त्यावर आलेल्या मुली व विधवा, मिळून शेकड्यांनी, सोबत घेऊन गेल्या. ठेवायला जागा नव्हती. पुणे जिल्ह्यात केडगावला शेतजमीन होती. तिथे विहिरी खणल्या, तंबू आणि छपरं उभारली, आणि त्यातून मुक्ती सदन झालं. पुढच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. रमाबाईंची श्रद्धा मवाळ नव्हती. १९०५ साली मुक्तीत जे पुनरुज्जीवन झालं त्यात मुली रात्र-रात्र रडत प्रार्थना करत होत्या, आणि त्या काळच्या अशा सगळ्या चळवळींच्या मागे प्रभू लवकर येणार ही आस होती. आजच्या वाचकाला त्यातलं काही विचित्र वाटेल. मलाही काही वाटतं. पण मला थांबवतं ते दुसरंच. ज्या घरात प्रभू कोणत्याही क्षणी येईल असं मानत होते, त्याच घरात विणकाम, तेलघाणा, शेती आणि छापखाना चालू होता. मुली खिळे जुळवायला शिकत होत्या. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवलं जात होतं. उद्या जगच बुडणार असेल तर आंधळ्या मुलीला वाचायला शिकवण्याचा हिशेब जमत नाही. रमाबाईंचा जमत होता.

आयुष्याची शेवटची अठरा-एक वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हेतू एकच, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल असं मराठी. १९२१च्या जुलैत त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. ज्या घराचा भार पुढे तिच्यावर जायचा होता तो पुन्हा आईच्या खांद्यावर आला, आणि आई आजारी. मुद्रितं तपासायची राहिली होती. तेवढी संपवायला दहा दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली आणि काम झाल्यावर त्या गेल्या, अशी आठवण मुक्तीच्या परंपरेत सांगतात. ५ एप्रिल १९२२. दहा दिवसांचा तपशील भक्तांनी नीटनेटका केला असेल, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. मरणाच्या दारात बसून बाई काना-मात्रा तपासत होती, एवढं पुरे.

मार्टिन लुथरच्या नावावर एक वाक्य फिरतं, जग उद्या संपणार असलं तरी मी आज सफरचंदाचं झाड लावीन, अशा अर्थाचं. लुथरच्या लिखाणात ते कुठेही सापडत नाही. पहिला लिखित पुरावा १९४४चा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनीतला आहे. बाँब पडत असताना कोणाला तरी हे वाक्य लागलं आणि त्याने ते लुथरला देऊन टाकलं. मोहगावात संत्र्याची कलमं लावणाऱ्याला पहिलं नीट फळ पाहायला चार-पाच वर्षं लागतात. त्याला या वाक्याची गरज नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. असं सगळं बोलून तुम्ही प्रभूचं येणं बाजूला सारता आणि उरते ती समाजसेवा. मग ख्रिस्त कशाला, चांगुलपणा पुरे. माझं उत्तर असं की येणारा कोणीतरी आहे हे गृहीत धरल्याशिवाय तो चाकर समजतच नाही. मालक येणारच नसेल तर घर त्याचंच, हाताखालची माणसं त्याचीच, आणि त्यांना वेळेवर जेवण देणं हा त्याचा मोठेपणा. येणार असेल तर तो फक्त कारभारी, आणि जेवण हे त्यांचं देणं. उपकार आणि देणं यांच्यात जो फरक आहे, तो या एका विश्वासावर उभा आहे. ज्यांच्यावर हात उगारला जातो त्यांच्या बाजूने पाहिलं तर प्रभूचं येणं ही धमकी नाहीच. कोणीतरी हिशेब बघायला येतोय, ही त्यांच्यासाठी चांगली बातमी आहे. ज्यांच्या बाजूने शेकडो वर्षं कोणी हिशेबच मागितला नाही अशा घरांतून जे ख्रिस्ती झाले, त्यांनी हे शिकल्यासवरल्या धर्मपंडितांआधी ओळखलं असणार.

पौलाच्या काळातही थेस्सलनीकात काही माणसं, प्रभू आता येतोच, म्हणून कामधंदा सोडून बसली होती. पौलाने त्यांना चांगलं सुनावलं. पण मला पौलापेक्षा याकोबाचं पत्र आमच्या भागाला जवळचं वाटतं. त्याच्या पाचव्या अध्यायात दोन गोष्टी लागोपाठ येतात. आधी तो जमीनदारांना सांगतो की तुमच्या शेतात कापणी केलेल्यांची जी मजुरी तुम्ही दाबून ठेवली आहे तीच ओरडते आहे, आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. आणि लगेच खाली, दोन-चार ओळींतच, प्रभूचं येणं जवळ आहे, पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखा धीर धरा. प्रवचनांत आपण शेतकरी आणि पाऊस वाचतो. मजुरीच्या ओळी त्या आधीच्या, त्या बऱ्याचदा गाळल्या जातात. याकोबाने मात्र त्या एकत्र लिहिल्या.

सध्या तोडीचे दिवस आहेत. बागा व्यापाऱ्याला दिल्या असोत की स्वतः तोडत असोत, क्रेट भरणाऱ्या बाया सकाळी टेम्पोतून येतात आणि अंधार पडल्यावर परत जातात. हजेरी वहीत असते, पैसे ‘पुढच्या आठवड्यात’ असतात. तेव्हा कोणी तुमच्या दारी येऊन प्रभूच्या येण्याची तारीख सांगू लागला तर त्याच्याशी दानिएलाच्या आकड्यांवर वाद घालू नका. तोडीवरच्या बायांची मजुरी दिली का, एवढं त्याला विचारा, आणि त्याने उत्तर द्यायच्या आत आपली वही उघडून बघा. बाकी असेल तर आजच देऊन टाका.