बाण आणि वाट

पुण्यातल्या दोन चुलतभावांना गडांचं वेड होतं. एका श्रावणात हरिश्चंद्रगडाला जायचं ठरलं, तेव्हा थोरल्याने खास त्यासाठी हातात धरायचं महागडं जीपीएस यंत्र विकत घेतलं. पावसात भिजलं तरी चालणारं, ओल्या बोटांनीही बटणं दाबता येणारं. धाकट्याकडे जुनाच मोबाइल होता. पण आदल्या रात्री बसून त्याने गडाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घेतला, पायथ्याच्या खिरेश्वरपासून गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंतची पाऊलवाट आखून ठेवली आणि पॉवर बँक चार्ज केली.

"एवढा खटाटोप कशाला?" थोरला म्हणाला. "मी यंत्रात मंदिराचं ठिकाण घातलंय. ते नेईल आपल्याला."

माळशेजच्या रस्त्यावरून खुबी फाट्याला वळून दोघे खिरेश्वरला पोचले. चहा घेताना धाकट्याने तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांना वाट विचारली. बाबा म्हणाले, "टोलार खिंडीपर्यंत चुकायचं न्हाई. वर गेल्यावर फाटे फुटत्यात. दगडावरचे बाण बघत जावा. बाण दिसंना झाला, तर म्होरं जाऊ नका, मागच्या बाणापाशी या."

खिंडीतलं वाघाचं शिल्प मागे पडलं, रेलिंगला धरून कातळ चढून झाला आणि धुकं दाटलं. दहा पावलांपलीकडचं दिसेना. थोरल्याच्या यंत्रावर मात्र मंदिराकडचा बाण ठळक होता. तो पाहत थोरला झपाझप निघाला. मळलेली वाट कधी सुटली ते त्याला कळलं नाही. कमरेएवढ्या गवतातून जाताना एकदम पुढची जमीन संपली. खालून पाण्याचा आवाज येत होता. यंत्राच्या काचेवर पावसाचे थेंब साचले होते आणि त्याखाली बाण अजूनही समोरच, दरीवरून पलीकडे दाखवत होता.

"यंत्र बिघडलं!" थोरला म्हणाला.

"नाही दादा, यंत्र बरोबर आहे. उपग्रहांवरून आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. मंदिर कोणत्या दिशेला, किती लांब, तेही ते सांगतं. पण तू त्यात नुसतं ठिकाण घातलंस, वाट घातलीच नाहीस. म्हणून ते सरळ रेषेत दाखवतंय."

धाकट्याने मोबाइल काढला. रेंज नव्हती, पण जीपीएसला रेंज लागत नाही. उतरवलेल्या नकाशावर त्यांचा ठिपका आखलेल्या वाटेपासून बराच बाजूला दिसत होता. तेवढ्यात ओला पडदा बोटाला दाद देईनासा झाला.

"दादा, आपण आलो ती वाट तुझ्या यंत्राने नोंदवली असेल. ती काढ."

थोरल्याने ती काढली. त्या रेषेवरून दोघे पावलापावलाने मागे आले आणि दगडावरचा शेवटचा बाण सापडला. तिथून पुढे एकाने पडद्याकडे लक्ष ठेवलं, दुसऱ्याने दगडांकडे. दुपारी हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरात पोचल्यावर थोरला म्हणाला, "यंत्र मी चांगलं घेतलं, पण तयारी तू केलीस, म्हणून आपण इथे आहोत."

तात्पर्य : यंत्र ऐपतीप्रमाणे घ्या, पण नकाशा आणि वाट घरूनच भरून निघा. गाडीने जा की पायी, आपण कुठे आहोत ते यंत्राला विचारा आणि वाट कशी आहे ते त्या वाटेने रोज जाणाऱ्याला विचारा. दोघांचं जुळलं नाही, तर पुढे जाऊ नका, मागे फिरा.